मोरीपुरती गाडी

निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात आमची मेंढरं मेली. रोग कोणता ते कुणी सांगितलं नाही, आणि सांगणारं कुणी नव्हतंही. तोंडाला फेस यायचा, मेंढी मान टाकायची, दुपारपर्यंत पोट फुगायचं. रोज सकाळी बा मेंढवाड्यात शिरायचा आणि मागचे पाय धरून एकेक जनावर ओढत बाहेर आणायचा. कातडं घ्यायलासुद्धा कुणी येईना. लोकर संपली तशी मायनं टकळी पेटीत टाकली, आणि दोघं रेल्वेच्या कामावर खडी फोडायला गेले. घरात ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी, तीही सकाळी खाल्ली तर संध्याकाळी नाही. माझ्या धाकट्या बहिणीचे केस त्या वर्षी तांबडे झाले होते.

मेंढरांना मिठाचं पाणी मायच पाजायची. त्यावरून चुलतीनं बोलायला सुरुवात केली की हिच्या हाताला यश नाही. बा तेव्हा ऐकून घेत नसे. त्यानं चुलतीला भर अंगणात सांगितलं होतं की मेंढरं माझी मेलीत, तुला कशाचा ताप आलाय. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं हाच माणूस बदलला.

आमचं गाव पूर्णेपासून फार लांब नाही, पण रेल्वेलाईनच्या पल्याड आहे. लाईन उंच भरावावरून जाते आणि त्या भरावाच्या पोटात एक दगडी मोरी आहे, वरून कमानीची. ओढ्याच्या पाण्यासाठी ती बांधलेली. माणसांचा विचार तिच्यात नाही. पण बैलगाडी बेतानं बसते, म्हणून तोच आमचा रस्ता झाला. दुसरी वाट फाटकावरून, लय वळशाची आणि सगळी काळ्या रानातून. पावसाळ्यात त्या वाटेनं बैल पोटापर्यंत रुतायचे.

खडीवरून बा पूर्णेच्या एका आडत्याच्या लॉरीवर क्लीनर म्हणून लागला आणि बघता बघता गाडी चालवायला शिकला. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण यंत्राचं त्याला पटकन कळायचं. मामा रेल्वेच्या शेडात खलाशी, म्हणजे हातकामाचा मजूर, होता. त्या दोघांच्या डोक्यात आलं की आपलीच एक मोटार असावी. मायच्या अंगावरची चांदी गेली, मामाची बैलजोडी गेली, आणि परभणीच्या एका व्यापाऱ्याकडं पडून असलेली जुनी व्हॅन आमची झाली. बंद डब्याची, नाकाड पुढं आलेली. गावानं तिचं नाव डबा ठेवलं.

डबा मोरीपर्यंत आला आणि थांबला. त्याचं कपाळ कमानीला टेकत होतं, आणि पुढची चाकं डब्याच्या बाहेर निघालेली, ती दोन्ही अंगांनी दगडाला घासत होती. म्हणजे गाडी लाईनच्या अल्याड आणि माल पल्याड. लोकर, शेरडं, दूध सगळं आधी बैलगाडीत घालून मोरीतून आणायचं आणि मग डब्यात चढवायचं. लोक म्हणाले, एवढं करण्यापेक्षा बैलगाडीच पूर्णेपर्यंत नेऊ की. मामा हसण्यावारी न्यायचा. म्हणायचा, "सोयरीक झाली, वरात झाली, पण नवरी नांदायलाच येईना." बा हसत नव्हता. मायचे रिकामे हात त्याला रोज दिसत होते.

त्यानं मेंढक्याच्या जुन्या काठीचे दोन तुकडे केले. एक मोरीच्या रुंदीएवढा, एक उंचीएवढा. ते काखेत घेऊन तो डब्याभोवती फिरायचा, गाडीला लावून बघायचा, खाली बसायचा. शेवटी एक दिवस त्यानं निरगुडीची ओली काडी घेतली, तिची दोन्ही टोकं वर वाकवली आणि मला समोर बसवून दाखवली. पुढच्या दोन चाकांना जोडणारा जो आडवा लोखंडी दांडा असतो, त्याची टोकं अशी वर उचलली तर चाकं जमिनीवरच राहतात आणि मधला भाग खाली येतो, म्हणजे गाडीचं नाक खाली येतं. आणि काडीची लांबी तेवढीच असल्यामुळं टोकं एकमेकांच्या जवळ सरकतात, म्हणजे चाकंही आत येतात. रुंदी आणि उंची, दोन्ही एकाच वाकणात. मी तेव्हा पूर्णेच्या हायस्कुलात होतो. भूमितीच्या तासाला मला जे कळलं नव्हतं ते त्या काडीनं कळलं.

मागच्या चाकांचा त्रास नव्हता, ती डब्याच्या आतच होती. मागं कमानपाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या, खालचा दांडा त्यांच्या वर घेतला आणि मागची बाजू बसती झाली. पुढच्या दांड्यासाठी गावातल्या लोहाराकडं जावं लागलं.

आमचा लोहार म्हणजे साऱ्या शिवारातल्या बैलगाड्यांचा माणूस. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि लाकडाला जन्माचं धरतं. आमच्या गावची रीत अशी की त्या धावेवर पहिला तांब्या गाडीवाल्याच्या घरच्या सवासणीनं ओतायचा. हळद-कुंकू वाहायचं, तांब्या ओतायचा, मग बाकीच्यांनी बादल्या ओतायच्या. पहिलं पाणी घरच्या बाईचं पडलं की चाक घराला धरून राहतं असा समज.

डब्याच्या दांड्याचंही तसंच झालं. भर सकाळी मोठा जाळ केला, दांडा लाल झाला, लोहारानं आणि मामानं घणाच्या घावांनी त्याची टोकं बाच्या मापाप्रमाणं वर उचलली. सगळं गाव जमलं होतं. लोहारानं हाक दिली, "वैनी, या. तुमचं पाणी." माय नवं लुगडं नसल्यामुळं मागं उभी होती. ती पुढं आली, कुंकू टाकलं आणि तांब्या ओतला. लोखंड किंचाळल्यासारखं वाजलं, वाफेत तिचा चेहरा दिसेनासा झाला. मागून बादल्यांवर बादल्या पडल्या. बैलगाडीचं लोखंड आणि मोटारीचं लोखंड वेगळं असतं हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. जे आजवर सगळ्या चाकांना लाभलं ते यालाही लाभणार, एवढंच सगळे धरून चालले.

डबा मोरीतून गेला. दोन्ही अंगांनी माणूस अंग चोरून जाईल एवढीच जागा होती, पण गेला. मायला बानं पुढच्या बाकावर बसवून आणलं. मी तिला त्या दिवसाइतकी हसताना नंतर पाहिली नाही.

थोडेच आठवडे गाडी चालली. मग पुढून बारीक टचटच आवाज यायला लागला. एका बाजाराच्या दिवशी, डबा शेरडांनी आणि लोकरीनं भरलेला, मोरीच्या मध्यावर बानं गाडी थांबवली. मी मागं दाराशी उभा होतो. तो उतरला, दगडाला अंग घासत पुढं गेला, आडवा झाला आणि आवाज कुठून येतो ते बघायला चाकाच्या मागं सरकला. त्याच वेळी दांडा वाकणात तुटला. डबा नाकावर बसला. आत शेरडं ओरडायला लागली, आणि त्या ओरड्यात बाचा आवाज वेगळा काढायला मला वेळ लागला.

गावकऱ्यांनी वासे लावून गाडी उचलली. बैलगाडीतून पूर्णा, तिथून रेल्वेनं मोठ्या दवाखान्यात. उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला.

शुद्धीवर आल्यावर मायनं त्याच्या तोंडाशी भांडं धरलं. त्यानं मान फिरवली. तो एवढंच म्हणाला, "तुझंच पाणी लागलं." दुसऱ्या खाटेवरच्या बाईनं ते ऐकलं आणि नजर वळवली. माय भांडं घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं ते माझ्या हातात दिलं, आणि माझ्या हातून तो प्यायला.

घरी आल्यावरही तेच चालू राहिलं. मायनं थापलेली भाकर तो खायचा, तिच्याशी कामापुरतं बोलायचा. पण पाणी घ्यायचा नाही. तहान लागली की धाकटीला हाक मारायचा. धाकटी शेतात असली तर तसाच बसून राहायचा, जीभ कोरडी पडली तरी. मायनं एकदा तांब्या त्याच्या हातापाशी ठेवला आणि बाजूला झाली. संध्याकाळी तांब्या तिथंच होता, तोंडापर्यंत भरलेला. चुलतीला आता काही बोलावं लागत नव्हतं. गावात कुणाची धाव चढायची असली की इतर बायांबरोबर हळदी-कुंकवाला मायला बोलावणं येईनासं झालं. पाणवठ्यावर ती गेली की दुसऱ्या बाया घागर भरेपर्यंत थांबायची. आपण होऊन थांबायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "कुनी म्हनलं न्हाई रे. पन आपनच थांबलेलं बरं."

डबा मोरीतून पुढं ओढून काढला होता, तो लाईनच्या अल्याड चिंचेखाली उभा राहिला. त्यात कोंबड्या राहायला लागल्या. तुटलेल्या दांड्याचा एक तुकडा आमच्या अंगणात होता, त्याला शेळी बांधत. तुटल्या जागी ते लोखंड खडीसाखरेसारखं दाणेदार होतं, उन्हात चकाकायचं. बा ओसरीवर बसून तासन् तास तिकडं बघायचा.

मी मॅट्रिक झालो. सरकारी स्कॉलरशिप मिळाली आणि औरंगाबादला कॉलेजात गेलो. माझ्या सात पिढ्यांत तिथं कुणी गेलं नव्हतं, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. सुटीत मायच्या हाताला मदत करायची आणि सुटी संपली की परत जायचं, असं चाललं होतं. मग धाकटीचं लग्न गंगाखेडकडं ठरलं. लग्नात सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, बाला पाणी कोण देणार? माय नवरीच्या ओटीत तांदूळ घालत होती, तिनं ऐकलं.

त्यानंतरच्या पहिल्या सुटीत मी घरी पोचलो तेव्हा दुपार होती. बा कुबडी टाकून जमिनीवर बसला होता आणि हातांवर सरकत रांजणाकडं चालला होता. उठून वाकताना तोल गेला, अर्धं पाणी अंगावर सांडलं, राहिलं तेवढं तो प्यायला. माय उंबऱ्यात बसलेली होती. ती उठली नाही. उठली असती तर त्यानं तेही सोडलं असतं. मी ते मनात धरून परत गेलो.

त्याच वर्षी आमच्या प्राध्यापकांनी वर्गात दोन सुया तापवून लाल केल्या. एक पाण्यात टाकली, दुसरी राखेत पुरून ठेवली. तासाच्या शेवटी पाण्यातली सुई त्यांनी बोटांनी मोडली, काडीसारखी. राखेतली तारेसारखी वाकली. पोलाद लाल करून एकदम थंड केलं की कडक होतं आणि ठिसूळ होतं, असं ते म्हणाले. तुटलेला तुकडा वर्गात फिरवला. त्याच्या तोंडाला तीच बारीक चमक होती.

मी उठून विचारलं की मोटारीच्या पुढच्या दांड्याचं असं होईल काय. माझ्या बोलण्याला मागची पोरं हसली. मी "होईल का न्हाई" म्हणालो होतो. प्राध्यापक हसले नाहीत. म्हणाले, होईल, आणि वाकवलेल्या जागीच तुटेल. मी खाली बसलो आणि त्या दिवशीचं पुढचं काहीच ऐकलं नाही.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा लोहाराला बोलावून आणलं. तो आत येताच म्हणाला, "कॉलेजवाले साहेब आता भाता फुंकायला शिकवनार म्हना की." मी म्हटलं, शिकवत नाही, साक्षीला बसा. मामाही होता. मायची गोणपाट शिवायची दोन दाभणं घेतली. मायच्या चुलीत ती लाल केली. एक राखेत पुरलं. दुसऱ्यावर मी स्वतः रांजणातलं पाणी ओतलं, थंड झाल्यावर उचललं आणि बाच्या समोर मोडलं. टच्च आवाज झाला. बानं तो आवाज ओळखला. त्याचा हात उरलेल्या मांडीवर गेला.

मी म्हणालो, "बा, हे पाणी माझ्या हातचं होतं."

मग बानं तिसरं दाभण मागितलं. ते लाल झाल्यावर त्यानं आपल्या हातानं पाणी ओतलं आणि आपल्या हातानं मोडून बघितलं. तेही मोडलं. राखेतलं काढून दिलं, ते त्यानं हळूहळू वाकवत नेलं, टोकाला टोक लागेपर्यंत.

लोहार बराच वेळ अंगणातला तुटका दांडा उलटापालटा करून पाहत होता. मग म्हणाला की कुऱ्हाडीच्या तोंडाला पाणी जास्त झालं की तोंड उडतं, हे तर मला माझ्या बापानं शिकवलंय. हे पोलाद आहे हे कळलं असतं तर बादली लावली नसती, मी बैलगाडीचंच लोखंड धरून चाललो. आणि मायकडं वळून म्हणाला, "वैनी, हाक मीच दिली होती. पानी मी मागितलं होतं."

माय पदर तोंडाशी धरून आत गेली.

मला वाटलं होतं बा आता पाणी मागेल. त्यानं मागितलं नाही. म्हणाला, "दाभनाचं कळलं. दाभनावर शेरडं भरून कोन नेतं का? गाडी जाऊ दे आधी." मला राग आला. पण पाय गेलेल्या माणसाला मी काय बोलणार.

उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत मामानं नांदेडच्या भंगारवाल्याकडून तसल्याच गाडीचा दांडा मिळवला. पुन्हा जाळ, पुन्हा घण. या खेपेला बा बाजेवर बसून काठीचे ते दोन तुकडे हातात घेऊन माप सांगत होता. गाव जमलं नव्हतं. टोकं उचलून झाल्यावर लोहारानं मला मायला आणायला पाठवलं. ती येईना. मी येऊन काय नासवू, म्हणाली. तेव्हा लोहार स्वतः दारात आला. "राख तुमच्याच चुलीची पायजे, वैनी. अन् टाकायची तुमीच." मायनं बाच्या तोंडाकडं पाहिलं. बानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तो काठीच्या तुकड्यांकडं पाहत होता.

माय टोपल्यात राख घेऊन आली. लाल दांड्यावर तिनं ती दोन्ही हातांनी पसरली, वरून आणखी, वरून आणखी, लोखंड दिसेनासं होईपर्यंत. धग लागून तिच्या हातावरचे केस जळाले. मी मागं हो म्हटलं तर ऐकेना. दुसऱ्या दिवशी दुपारी राख उकरली तेव्हाही दांडा कोमट होता. लोहार म्हणाला, "लय ओझं झालं तर वाकंल. तुटनार न्हाई."

चाकं आत आली तशी दोन्ही चाकांना एका वेळी वळवणारा दांडाही तेवढाच आखूड करावा लागला, नाहीतर ती फाकून चालली असती. पहिल्या खेपेलाही बानं तो बरोबर केला होता. त्याचं माप कधी चुकलेलं नव्हतं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, माप बरोबर असून काय झालं.

मग आम्ही डब्यात कोंबड्यांऐवजी खडी भरली. मामा चालवायला बसला, त्याच्या शेजारी मी, दाराशी बा. मोरीच्या मध्यावर, त्याच जागी, बानं गाडी थांबवायला लावली. मामा नको म्हणत होता. बा उतरला, कुबडी दगडाला टेकवली, वाकला आणि हातोडीनं दांड्यावर ठोकलं. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. कान देऊन ऐकलं. वरून मालगाडी गेली, मोरी थरथरली, माती पडली. तो तसाच वाकलेला. मग परत चढून बसला आणि म्हणाला, चल.

पल्याड माय उभी होती. कमरेवर घागर, पाणवठ्यावरून येतायेता थांबलेली. बाया मागं होत्या, चुलतीही होती. बा उतरला नाही. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओंजळ केली. एका हाताची ओंजळ होत नाही, म्हणून कुबडी सोडून दुसराही हात काढला. कुबडी माझ्या पायावर पडली.

मायला आधी कळलंच नाही. मग तिनं घागर वाकवली. पाणी ओंजळीतून सांडत होतं, दारावरून ओघळत होतं, तिचं लुगडं भिजत होतं. तो प्यायला, दम घेतला, पुन्हा प्यायला. झालेल्या वर्षांबद्दल त्यानं पुढंही मरेपर्यंत एक अक्षर काढलं नाही, आणि मायनंही मागितलं नाही. पाय गेला तो गेला. माझ्या बहिणीनं ते पाहिलं नाही, तिला मी पत्रानं कळवलं.

डबा त्या दांड्यावर पुढं कितीतरी वर्षं चालला. मामा चालवायचा, बा शेजारी बसून भाडं घ्यायचा. दांडा वाकला नाही, तुटला नाही. त्याच उन्हाळ्यात मी बी.एस्सी. झालो, आणि माझा बाप माझ्या आईच्या हातचं पाणी पिऊ लागला.